परगांवचा प्रवास आणि भाड्याची मोटार

(नभोवाणीवर दिलेलें भाषण)

लांबच्या प्रवासास निघतांना आपण सामानाची यादी करितों, फराळाचे डबे बांधून घेतों, घरास दोन कुलुपें लावतों. परंतु ज्या माणसाच्या हातीं आपला जीव दहा-बारा तास असावयाचा, त्याला आदल्या रात्रीं झोंप मिळाली कीं नाहीं, हें आपण विचारीत नाहीं. मीहि विचारलें नव्हतें. त्या न विचारलेल्या प्रश्नाची हकीकत पुढें सांगणारच आहें; तत्पूर्वीं भाड्याच्या मोटारीचा करार म्हणजे काय आणि तिचा हिशेब कसा मांडावा, हें थोडक्यांत सांगतों.

मी राहतों तें गोसीखुर्द हें भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांतील, वैनगंगेच्या कांठचें गांव. १९८८ सालीं येथें धरणाचें भूमिपूजन झालें. आज ३३ दरवाज्यांचें तें धरण पाहावयास दूरदूरचे लोक येतात. पण आम्हांला दूर जावयाचें म्हटलें, कीं आधीं पवनी गांठावी लागते आणि मग भिवापूर-उमरेडवरून नागपूर. नागपूर ते नागभीड ही अरुंद रुळांची आगगाडी आमच्या बाजूनें जात असे. तिचा वेग असा, कीं पोरें तिच्याशीं शर्यत लावीत! रुंदीकरणासाठीं २०१९ सालीं ती बंद झाली. म्हाताऱ्या माणसांस बरोबर घेऊन चार ठिकाणीं वाहन बदलणें कठीण. म्हणून लग्नकार्य, दवाखाना किंवा तीर्थयात्रा निघाली, म्हणजे गांवोगांवचीं मंडळी आतां दारांतूनच भाड्याची मोटार करितात. शहरांतील कुटुंबांचीहि गोष्ट निराळी नाहीं.

भाडें देऊन रस्त्यानें जाण्याचे प्रकार मुख्यतः दोन. पहिला एस. टी. चा. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पहिली एस. टी. गेली. तिचा मार्ग, वेळ आणि थांबे ठरलेले. आपण विकत घेतों तें फक्त एक आसन. दुसरा प्रकार कराराचा. यांत संपूर्ण गाडी आपण ठराविक प्रवासासाठीं घेतों. कोठून कोठें जावयाचें, केव्हां निघावयाचें, हें आपण व मालक मिळून ठरवितों. अशा गाडीनें वाटेंत हात दाखविणाऱ्या परक्या उतारूस घ्यावयाचें नसतें. या दोहोंच्या मधली एक जात व्यवहारांत आढळते, ती आमच्याकडील काळी-पिवळी. भरली म्हणजे सुटणारी. दूर दक्षिण आफ्रिकेंतील जोहान्सबर्ग शहरींहि पंधरा-सोळा आसनांच्या मोटारी अशाच उतारूंनीं भरल्या म्हणजे सुटतात, आणि त्यांना तिकडे टॅक्सी असेंच म्हणतात.

गाडी कराराची आहे हें ओळखावयाचें कसें? पाटीवरून. पिवळ्या पाटीवर काळीं अक्षरें असलीं, तर ती भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीवर काळीं असलीं, तर ती खाजगी. विजेवर चालणाऱ्या गाडीची पाटी हिरवी असते. भाड्याच्या गाडीवर तिचीं अक्षरें पिवळीं असतात. ओळखीच्या कोणाची पांढऱ्या पाटीची मोटार "चार पैसे कमी घेतो" म्हणून करण्याची रीति सर्वत्र आहे. परंतु परवान्यावांचून भाड्यानें गाडी चालविणें हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा त्यांत सांगितलेली आहे. दंड मालकास होईल, आपल्याला काय त्याचें, असें कोणी म्हणेल. पण खाजगी वापरासाठीं उतरविलेल्या गाडीनें भाडें घेतलें, म्हणजे विम्याची अट मोडते, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीस हरकत घेण्यास जागा मिळते. वांचलेले चार पैसे त्या दिवशीं फार महाग पडतात.

राज्याची सीमा ओलांडावयाची असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. नागपुराहून हैदराबादेस जातांना पांढरकवड्याच्या पुढें पैनगंगा ओलांडली, कीं तेलंगण लागतें. अशा प्रवासासाठीं गाडीजवळ अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे कीं नाहीं, हें निघण्यापूर्वीं विचारावें; नाहीं तर सीमेवरील कर कोणी भरावयाचा, हा वाद नदीच्या पुलाशीं उन्हांत उभें राहून घालावा लागतो. जोहान्सबर्गाहून मोझांबिक देशांतील मापुतोस भाड्याची मोटार घेऊन जाणारासहि सीमेवर मालकाचें संमतिपत्र दाखवावें लागतें. कागद घरीं राहिला, तर सारा प्रवास तेथेंच अडतो.

आतां हिशेबाकडे वळूं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. पण तीस-बत्तीस वर्षें मुलांना अंकगणित शिकविलें, तेव्हां एवढा अधिकार मला असावा. लांबच्या भाड्यांत बहुधा चार रकमा असतात: किलोमीटरचा दर, दिवसाचें किमान अंतर, चालकाचा भत्ता आणि पथकर. समजा, दर १४ रुपये आणि किमान अंतर दिवसास ३०० किलोमीटर. आपण ४०० किलोमीटर दूरच्या गांवीं गेलों, दोन दिवस राहिलों आणि चौथ्या दिवशीं परत आलों. चाक फिरलें ८०० किलोमीटर. पण चार दिवसांचें किमान अंतर १,२०० किलोमीटर. तेव्हां भाडें द्यावयाचें तें १,२०० चें, म्हणजे १६,८०० रुपये. गांव ६५० किलोमीटरांवर असेल, तर जाण्या-येण्याचे १,३०० किलोमीटर होतात. हे १,२०० हून अधिक, म्हणून भाडें प्रत्यक्ष अंतराचें, म्हणजे १८,२०० रुपये. नियम एवढाच, कीं दोहोंतील मोठी संख्या घ्यावयाची. दिवस बहुधा मध्यरात्रीं बदलतो, चोवीस तासांनीं नव्हे. रात्रीं दहाला निघालेल्या माणसाचा पहिला दिवस दोनच तासांचा होतो. आणि एकेरी प्रवास सांगितला, तरी गाडीला रिकामें परतावें लागतें. तो भार दरांत कोठें तरी असतोच. पथकर, गाडी उभी करण्याचें भाडें आणि भत्ता हे ठरलेल्या रकमेंत आहेत कीं वेगळे, हें मालकाकडून लिहून घ्यावें. मोबाइलवरील चार ओळी पुरतात.

लिहून घ्यावें, असें मी आग्रहानें म्हणतों, त्यास एक थोर आधार आहे. १८९३ सालीं बॅरिस्टर गांधी दक्षिण आफ्रिकेंत दरबानहून प्रिटोरियास निघाले. पीटरमॅरित्सबर्ग स्थानकावर त्यांना गाडींतून उतरविलें, ही गोष्ट शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असते. पुढची तितकी ठाऊक नसते. चार्ल्सटाउनपासून जोहान्सबर्गपर्यंत त्या वेळीं आगगाडी नव्हती, घोड्यांची टपालगाडी होती. तिकीट असूनहि गांधींना आंत बसूं दिलें नाहीं. बाहेर गाडीवानाशेजारीं बसविलें. तो अपमान त्यांनीं गिळला. दुपारीं गाडीच्या गोऱ्या नायकास तीच जागा धूम्रपानासाठीं हवीशी झाली, आणि त्यानें पायरीवर गोणपाट पसरून गांधींना तेथें बसावयास फर्माविलें. गांधींनीं नकार दिला. त्यानें मारहाण केली. तरी गांधी कठडा धरून राहिले, आणि अखेर इतर उतारू मध्यें पडले. रात्रीं स्टँडर्टनला मुक्काम झाला, तेव्हां त्यांनीं झाला प्रकार गाडीच्या कंपनीच्या मुनिमास पत्रानें कळविला. दुसऱ्या दिवशीं त्यांना इतरांबरोबर आंतील आसन मिळालें. उतारूचा हक्क काय आहे, हें आधीं माहीत असावें आणि तो शांतपणें कागदावर मांडावा, हा धडा त्यांत आहे.

परंतु कराराला दुसरी बाजू असते. मोटारीच्या करारांत एक पक्ष असा आहे, कीं ज्याच्याशीं आपण कांहींच लिहून घेत नाहीं. तो म्हणजे चालक. येथें माझी हकीकत येते.

दोन वर्षांपूर्वीं नाशकास पुतणीचें लग्न होतें. गोसीखुर्दाहून नागपूर, आणि तेथून समृद्धि महामार्गानें सिन्नरपर्यंत, असा बेत ठरला. नागपूर ते मुंबई हा मार्ग ७०१ किलोमीटरांचा. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजीं झाला. मोटारींना तेथें ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. आम्ही पहाटे निघालों आणि संध्याकाळीं सुखरूप पोंचलों. चालक पंचविशीचा, आमच्याच बाजूचा, अदबशीर मुलगा. रात्रीं आम्ही कार्यालयांतील गाद्यांवर निजलों. तो कोठें निजला, हें मला ठाऊक नव्हतें. दुसरा सारा दिवस लग्नाचा. रात्रीं जेवणें झाल्यावर मी म्हटलें, "आतां मुक्काम कशाला? रात्रींचा रस्ता मोकळा असतो; निघूं या. एक दिवस वांचेल." तो क्षणभर थांबला आणि "बरं जी, गुरुजी" म्हणाला.

मध्यरात्र उलटली होती. जालना मागें पडलें होतें. मागच्या आसनावर आमच्या सौभाग्यवतींस डुलकी लागली होती, आणि माझेहि डोळे मिटत होते. एकाएकीं चाकांखालीं खडखड असा आवाज झाला. रस्त्याच्या कडेस मारलेल्या उंचवट्यांच्या पट्ट्यांवरून गाडी चालली होती आणि पुढें लोखंडी कठडा दिसत होता. मी ओरडलों. त्यानें गाडी सांवरली, पुढें नेऊन थांबविली आणि दोन्ही हातांनीं तोंड झांकून घेतलें. "गुरुजी, डोळा लागला जी," तो म्हणाला. मग हळूहळू सारें कळलें. आदल्या रात्रीं तो गाडींतच होता. डांसांमुळें कांचा उघडतां येईनात, आणि बंद केल्या तर उकडे. दिवसा मांडवाशेजारीं वाजंत्र्यांत झोंप कोठची? जेवणाच्या पंक्तीसहि त्याला कोणी बोलाविलें नव्हतें. त्यानें बाहेर वडापाव खाल्ला होता.

ताशीं १२० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें ३३ मीटर. डोळा तीन सेकंद मिटला, तर गाडी १०० मीटर आंधळी जाते. शरीराचें घड्याळ मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत माणसास झोंपेकडे ओढीत असतें. आणि सरळ, एकसारखा, वळणें नसलेला रस्ता त्या ओढीस मदत करितो. चहा, गाणीं, तोंडावर पाणी, हे उपाय थोडा वेळ टिकतात. झोंपेवर औषध झोंप हेंच. त्याच बाजूस, सिंदखेडराजाजवळ, १ जुलै २०२३ रोजीं मध्यरात्रीनंतर एका खाजगी बसला अपघात होऊन २५ माणसें जळून मेलीं, हें मला त्या कठड्याशीं उभें असतांना आठवलें.

उजाडेपर्यंत आम्ही पुढील पेट्रोलपंपावर थांबलों. तो मागच्या आसनावर घोरत पडला आणि आम्ही दोघें बाहेर बांकावर बसलों. घरीं आल्यावर मीं हिशेब मांडला. अंतर १,३०० किलोमीटर. तीन दिवसांचें किमान अंतर ९००. म्हणजे नाशकास आणखी एक रात्र राहिलों असतों, तरी गाडीचें भाडें एका रुपयानें वाढलें नसतें. वाढला असता तो चालकाचा एका रात्रीचा भत्ता आणि निजण्याच्या जागेचें भाडें. जन्मभर त्रैराशिक शिकविणाऱ्या माणसानें एवढ्यासाठीं तीन जीव पणास लावले होते.

१९६१ सालीं मोटार परिवहन कामगारांसाठीं आपल्याकडे कायदा झाला. त्यानें साधारणतः दिवसास आठ तास काम आणि पांच तासांनंतर निदान अर्धा तास विसांवा, असें माप घालून दिलें. एकट्या-दुकट्या गाडीच्या चालकाकडे पाहावयास कोणी तपासनीस येत नाहीं. तेथें तपासनीस आपणच व्हावयाचें. गाडी दारांत आली, कीं मी आतां त्याला तीन प्रश्न विचारतों: काल गाडी किती चालविली, रात्रीं किती वेळ निजलास, आणि कांहीं खाल्लेंस का? उत्तर समाधानकारक नसेल, तर दोन तास उशिरा निघतों. प्रवास पहाटे सुरू करून अंधार पडण्यापूर्वीं संपवितों. दोन-अडीच तासांनीं थांबतों. मागच्या आसनावरहि पट्टा बांधतों. तो बांधणें कायद्यानेंहि आवश्यक आहे. गाडीचा क्रमांक आणि मार्ग घरीं कळवून ठेवतों. संकटांत ११२ हा क्रमांक देशांत कोठूनहि लावतां येतो.

शहरांतील कुटुंबांस माझी एकच विनंति आहे. आपल्या घरीं कार्य असेल, तेव्हां पाहुण्यांच्या गाद्यांची यादी कराल, तींत त्यांच्या चालकांचींहि नांवें घाला. त्यांच्यासाठीं पंखा असलेली एक खोली असावी, आणि पंक्तींत एक पान असावें. गेल्या फाल्गुनांत आमच्याकडे नातवाची मुंज झाली. शाळेच्या ओट्यावर सात चालकांच्या चटया टाकल्या होत्या. सकाळीं सातहि गाड्या वेळेवर निघाल्या, आणि संध्याकाळपर्यंत सर्वांचे पोंचल्याचे निरोप आले.