ईश्वरविज्ञानाची पदवी : आधी खर्चाचा हिशेब



गेल्या पावसाळ्यात अकोले तालुक्यातल्या एका ठाकरवाडीत गेले होते. नुकताच बारावी झालेला एक मुलगा म्हणाला, "ताई, मला पाळक व्हायचंय." त्याच्या हातात एका संस्थेचे माहितीपत्रक होते. दोन वर्षांत पदवी, असे त्यावर छापले होते. प्रवेशाच्या पैशांसाठी आई शेळ्या विकायला निघाली होती. मी म्हटले, "शेळ्या राहू द्या. आधी चार प्रश्न विचारू."

विशीत असताना मला हे प्रश्न कुणी सांगितले नव्हते. मी डिप्लोमा केला, वचनाचे शिक्षणही पुष्कळ मिळाले. पण पुढे पदवीला गेले तेव्हा तो डिप्लोमा धरला गेला नाही. वडिलांनी उसने पैसे आणले होते, ते फेडण्यात माझी पुढची वर्षे गेली.

पहिला प्रश्न : पदवी देते कोण? 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला आपोआप मिळत नाही. आपल्याकडे ईश्वरविज्ञानात जुने नाव सेरामपूरचे. विल्यम केरी, मार्शमन व वॉर्ड यांनी 1818 मध्ये हे कॉलेज काढले. 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली आणि 1918 मध्ये तसा कायदाही झाला. मुलाची आई म्हणाली, "श्रीरामपूर काय, एसटीनं जाऊन येईल." तिला सांगितले, मावशी, हे श्रीरामपूर बंगालमधले. पण तिकडे जावे लागत नाही. पुण्यातील युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहेत. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता शिक्षणाचा दर्जा सांगते, पण ती सरकारी मान्यता नव्हे.

दुसरा प्रश्न : आपली मंडळी कोणती पदवी मानते? दीक्षा देणार धर्मप्रांत. म्हणून प्रवेशाआधी पाळकसाहेबांना भेटावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

तिसरा प्रश्न : सगळा खर्च किती? नुसती फी पाहू नये. मेस, वसतिगृह, परीक्षा शुल्क, पुस्तके, सुटीतला प्रवास हे सगळे मिळवून जितकी वर्षे तितक्याने गुणावे. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा, हे प्रभूने लूक 14 मध्ये सांगितलेच आहे. सेमिनरीत फीसवलत किंवा कामाच्या मोबदल्यात मदत मिळते का, तेही विचारावे.

चौथा प्रश्न : दुसरी वाट आहे का? नगरमध्येच डॉ. भा. पां. हिवाळे यांनी 1947 मध्ये सुरू केलेले अहमदनगर कॉलेज आहे. आधी मान्यताप्राप्त कॉलेजात बी.ए. केले तर अनुसूचित जमातीच्या मुलाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. मग बी.डी. करावी. सेवा पगारी नसली तरी हातात शिक्षण राहते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी सिनेटचे बाह्य अभ्यासक्रमही आहेत.

हे चारही प्रश्न आम्ही त्या संस्थेला फोनवर विचारले. पदवी कोण देणार, याचे सरळ उत्तर आले नाही. मुलगा दोन दिवस माझ्यावर रुसला. तिसऱ्या दिवशी जातीचा व उत्पन्नाचा दाखला घेऊन स्वतःच आला. आता तो बी.ए. च्या पहिल्या वर्षाला आहे. रविवारी वाडीत शाब्बाथशाळा घेतो. शेळ्या दावणीलाच आहेत.

देणगीदारांना एकच विनंती. पुष्कळदा पहिल्या वर्षाची फी आनंदाने भरली जाते आणि दुसऱ्या वर्षी मुलगा घरी परततो. एका मंडळीने एकच विद्यार्थी घ्यावा, पण शेवटच्या परीक्षेपर्यंत घ्यावा. आणि धनादेश लिहिण्याआधी हे चार प्रश्न तुम्हीही विचारावेत.

त्या मुलासाठी प्रार्थना करा.

प्रभूच्या सेवेत,
तुमची बहीण