चाळणी कोण लावतो?

व्हाइटफील्ड म्हटलं की सॉफ्टवेअरच्या काचेच्या इमारती आठवतात. तिथल्याच ईपीआयपी वसाहतीत मात्र नोव्होझाइम्स या डॅनिश कंपनीने एन्झाइमचं ठाणं मांडलं. एन्झाइमशी बंगळुरूचं नातं जुनंच आहे. किरण मजुमदार यांनी 1978 मध्ये बायोकॉन काढली, तेव्हा पहिल्या उत्पादनांत पपईच्या चिकातलं पपेन होतं. 2007 मध्ये बायोकॉनने एन्झाइमचा धंदा नोव्होझाइम्सला विकला. 2024 च्या जानेवारीपासून विलीनीकरणानंतर तीच कंपनी नोव्होनेसिस झाली. तिचं ‘नोव्होझाइम 435’ सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळांत सर्रास सापडतं: अंटार्क्टिकात मिळालेल्या यीस्टचं लायपेज हे मेद तोडणारं एन्झाइम, बारीक मण्यांवर बसवलेलं, गाळून पुन्हा वापरता येणारं.

निसर्गात मिळेल ते घ्यायचं, इथपासून हवं ते घडवून घ्यायचं, इथवर एन्झाइमचं शास्त्र आलं. 1993 मध्ये कॅल्टेकच्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी सबटिलिसिन या एन्झाइमच्या जनुकात स्वैर बदल केले, त्यातून डीएमएफ या द्रावकात तग धरणारे नमुने निवडले आणि त्यांच्यातच पुन्हा बदल केले. 60 टक्के डीएमएफमध्ये एन्झाइमची क्षमता 256 पट झाली. 1997 मध्ये जर्मनीत मानफ्रेड रेट्झ यांनी याच पद्धतीने एका लायपेजला, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रेणूंपैकी एकच निवडायला लावलं. औषधांत हा फरक फार मोलाचा असतो. 2018 चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल अर्नोल्ड यांना मिळालं.

घडवलेल्या एन्झाइमांत मला सगळ्यात भावतं ते सिटाग्लिप्टिनचं उदाहरण. मधुमेहाची ही गोळी आपल्याकडे घरोघर पोचली आहे. मर्क या औषध कंपनीच्या जुन्या कृतीत ऱ्होडियमचा उत्प्रेरक आणि उच्च दाबाखालचा हायड्रोजन लागे. वर पुन्हा स्फटिकीकरण करून शुद्धता वाढवावी लागे. एन्झाइम घडवणारी कोडेक्सिस आणि मर्क यांनी निवडलेलं ट्रान्सअमिनेज हे एन्झाइम सिटाग्लिप्टिनच्या पूर्वरेणूला शिवायलाच तयार नव्हतं. म्हणून आधी रेणूचा छाटलेला तुकडा देऊन पाहिला, मग एन्झाइममधला रेणू बसण्याचा खळगा रुंद केला. पहिलं यश केवढं? चोवीस तासांत 0.7 टक्के रूपांतर. तेवढ्यावर न थांबता फेरीमागून फेरी झाली आणि दर फेरीत परीक्षा कडक होत गेली: कच्चा माल जास्त, द्रावक जास्त, तापमान जास्त. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एन्झाइममध्ये 27 बदल होते. लिटरला 200 ग्रॅम माल, निम्मं द्रावक डीएमएसओ, आणि चुकीची प्रतिमा जवळपास शून्य. एकूण कचरा 19 टक्क्यांनी घटला.

बदल घडवणं आज सोपं झालंय. कस लागतो तो चाळणी लावताना, म्हणजे बदललेल्या नमुन्यांतून हवा तो निवडताना. नमुने तपासायच्या शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये जे तपासाल तेच हाती येतं. पाण्यात चांगलं चालणारं शोधलंत, तर पाण्यातच चालणारं मिळेल; कारखान्याच्या टाकीत ते मान टाकेल.

इथे भारताची बाजू भक्कम आहे, असं मला मनापासून वाटतं. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला नव्हे, तर तो बनवण्याच्या कृतीलाच पेटंट दिलं. 2005 पर्यंत आपले रसायनकार त्याच रेणूकडे जाणारी दुसरी वाट शोधण्यातच तयार झाले. घडवलेलं एन्झाइम ही तशीच दुसरी वाट आहे. त्यासाठी हा रसायनकार पहिल्या फेरीपासून जीवशास्त्रज्ञाच्या शेजारी बसायला हवा. टाकीत द्रावक किती असेल, कच्च्या मालात कोणती अशुद्धी येते, शेवटी माल वेगळा कसा काढायचा, हे त्यालाच ठाऊक असतं. आणि चाळणी त्यावरूनच ठरते.