दोन रंगांचा हिशेब

रत्नागिरीत माझ्या काकांकडे एक डुक्कर फियाट आहे. नव्या पिढीला हे नाव ठाऊक नसेल. १९५० च्या दशकातल्या फियाट अकराशेला तिच्या गुटगुटीत घडणीवरून लोक असे म्हणत. वर दुधी आणि खाली गर्द हिरवा, असे दोन रंग तिला द्यायचे ठरले तेव्हा काका म्हणाले, ‘एका रंगाच्या दुप्पट धरू या.’ मंडळी, हिशेब तसा चालत नाही.

दोन रंग दिले म्हणून पत्रा काही वाढत नाही. एकूण रंग जवळजवळ तेवढाच लागतो. पैसे जातात ते दोन रंगांमधल्या रेषेवर. आधी फिकट रंग मारायचा, तो पुरता वाळू द्यायचा, मग टप कागदाने झाकून कडेला बारीक टेप चिकटवायची आणि खालचा गडद रंग मारायचा. टेप काढण्याची वेळही साधावी लागते. रंग कडक झाल्यावर ओढली तर काठ कुरतडल्यासारखा निघतो. म्हणजे गाडी गॅरेजात जास्त दिवस राहते आणि मजुरी वाढते. जुन्या गाड्यांना रंगांच्या सीमेवर बहुधा क्रोमची पट्टी असे, ती केवळ शोभेची नव्हे. रंगाची कड तिच्याखाली झाकली जाई. पट्टी हरवली असेल तर कारागिराच्या हाताची सगळी परीक्षा उघड्यावर.

पण आपल्याकडे खरा खर्च रंगाखाली असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बारा महिने खारा वारा. दारांच्या खालच्या कडा, तळाचा पत्रा, चाकांवरच्या कमानी आधी गंजतात. काकांनी पहिल्या खेपेस एका गॅरेजला काम दिले. तिथे गंजावरच लांबी भरून वर झकास दोन रंग चढवले. तिसऱ्या पावसाळ्यात हिरव्या रंगाला फोड आले. गंज कापून नवा पत्रा जोडला नाही तर तो आत चालूच राहतो. शिवाय ऐन पावसाळ्यात रंग मारला तर हवेतली ओल त्यात उतरून पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस बरे.

काच, रबर, बंपर काढून रंग द्यायचा की झाकून, हेही आधीच विचारावे. काढण्या-बसवण्याची मजुरी वेगळी, आणि पक्के बिल घेतले तर १८ टक्के जीएसटी. रंग बदलल्याची नोंद आरटीओकडे आरसीत करून घ्यावी लागते. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची असेल, तर ती मूळ रूपात असावी लागते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, आणि मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. काकांना बाजारात जायला गाडी हवी असते, त्यामुळे तो विचार त्यांनी सोडला.

दुसऱ्या खेपेच्या अंदाजपत्रकात पत्रेकामाचा आकडा सर्वांत मोठा होता. दुधी रंगाचा सर्वांत लहान.