सूत्रकृमींच्या डोक्यावरील कवच

समुद्राच्या वाळूंत राहणाऱ्या डेस्मोडोरा नांवाच्या सूत्रकृमीचें अंग सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिलें असतां त्वचेवर आडवीं वलयें दिसतात. डोक्यावर मात्र त्वचा जाड होऊन वलयविरहित, टोपीसारखें कवच बनलेलें असतें. आपल्या शेतांत मुळांवर गांठी करणारा सूत्रकृमि हा त्याचाच दूरचा भाऊबंद होय. त्याच्या डोक्यांतही त्वचेचाच कठीण सांगाडा असतो, व पोकळ सुई पुढें ढकलणारे स्नायु त्यास जोडलेले असतात. अर्ध्या मिलिमीटरहून लहान अशी त्याची अळी या सुईनें टोमॅटो, वांगीं यांचीं मुळें भोंसकते. परंतु तिच्या पातळ त्वचेंतून ओल सहज निघून जात असल्यामुळें कोरडी, तापलेली माती तिला सोसत नाहीं. सबब पीक निघतांच गांठाळ मुळें उपटून जाळावीं व उन्हाळ्यांत खोल नांगरट करून जमीन तापूं द्यावी.