कावेरीकाठचा भात आणि शहरांचा धूर

पौष वद्य पंचमीला तिरुवैयारुला जावं. कावेरीच्या काठी संत त्यागराजांच्या समाधीपुढे शेकडो गायक-वादक मांडी घालून बसतात आणि पंचरत्न कृती एका सुरात गातात. तंजावरच्या मराठी राजांच्या अमदानीत त्यागराज (१७६७-१८४७) याच गावात राहिले, त्यामुळे मराठी माणसालाही हे गाव परकं वाटत नाही. 'ऐयारु' म्हणजे पाच नद्या. तंजावरहून इथे येणारा दहा-बारा किलोमीटरचा रस्ता वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी ही पाच पात्रं ओलांडतो. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर भातशेती.

तमिळनाडूचं हे धान्याचं कोठार. २०२० मध्ये राज्य सरकारने कायदा करून कावेरीचा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरवला आणि तिथे अनेक प्रदूषणकारी उद्योगांना मज्जाव केला. मग इथल्या पिकाला हवेच्या प्रदूषणाची काय भीती, असं कुणालाही वाटेल. पण कायद्याने जमिनीला कुंपण घालता येतं, वाऱ्याला नाही.

न दिसणारा धूर

आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. एरवी हे दोघे शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात. पण इंजिनात, बॉयलरमध्ये किंवा भट्टीत उष्णता फार वाढली, की त्यांचा संयोग होतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. कोळशात आणि तेलात असलेला नायट्रोजनही त्यात भर घालतो. यातला नायट्रोजन डायऑक्साइड तांबूस-तपकिरी रंगाचा, उग्र वासाचा असतो. तो श्वासनलिकेचा दाह करतो, दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना अधिक छळतो.

निसर्गातही हे घडतं. वीज कडाडते तेव्हा हीच ऑक्साइडं बनतात आणि पावसाबरोबर नायट्रेटच्या रूपाने शेतात उतरतात. ते झालं वरुणराजाचं खत! माणसाने मात्र या निसर्गदत्त हिशेबावर ताण केली आहे.

वाहनं सुधारली, पण...

१९५१ साली देशात नोंदलेली वाहनं होती सुमारे ३ लाख. १९९१ मध्ये ती २ कोटींवर गेली, २०११ मध्ये १४ कोटींवर आणि २०२० मध्ये ३२ कोटींवर. दुसरीकडे विजेची भूक भागवण्यासाठी कोळशाची औष्णिक केंद्रं उभी राहिली. मालमोटारी, औष्णिक केंद्रं, सिमेंटच्या भट्ट्या आणि डिझेलची जनरेटरं ही या वायूंची मोठी उगमस्थानं.

सरकार हातावर हात ठेवून बसलं होतं असं नाही. १९८१ मध्ये हवा प्रदूषण प्रतिबंधक कायदा झाला. १९८४-८५ मध्ये आग्रा आणि अनपारा इथल्या अवघ्या ७ केंद्रांपासून देशव्यापी मोजणी सुरू झाली. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला. १ एप्रिल २०२० पासून देशभर 'भारत स्टेज ६' हे निकष आले. 'भारत स्टेज ४'मध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडं सोडण्याची मुभा होती, ती ८० वर आली.

म्हणजे एकेक गाडी सुधारली, पण गाड्यांची संख्या त्याहून वेगाने वाढली. उपग्रहांनी टिपलेल्या नोंदी पाहिल्या, तर २००५ ते २०१४ या दशकात अमेरिकेच्या शहरांवरचा नायट्रोजन डायऑक्साइड २० ते ५० टक्क्यांनी घटला. आपल्याकडे त्याच काळात कोळशाच्या पट्ट्यावर आणि वाढत्या शहरांवर तो वाढला.

औष्णिक केंद्रांसाठी तर या वायूंची मर्यादा प्रथम ठरली ती डिसेंबर २०१५ मध्ये! त्यातही २००४ ते २०१६ या काळातल्या संचांसाठी घनमीटरला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०२० मध्ये सैल करून ४५० करण्यात आली.

पुण्यातला हिशेब

आता पुन्हा भाताकडे वळू. या वायूंची खरी खोडी पुढेच आहे. इंधनाच्या वाफांसारखी सेंद्रिय द्रव्यं सोबतीला आणि वर कडक ऊन असलं, की त्यांच्यापासून ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर हा ओझोन आपलं रक्षण करतो, पण जमिनीलगत तो विषच. लॉस एंजलिस शहराला छळणाऱ्या धुरक्याचं हे कोडं हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास उलगडलं.

यात एक विचित्र गोष्ट अशी, की भर रहदारीच्या चौकात गाड्यांमधून निघणारा ताजा नायट्रिक ऑक्साइड तिथल्या ओझोनला खाऊन टाकतो. वाऱ्याबरोबर धूर गावाबाहेर गेला, की मग ओझोन साचू लागतो. धूर शहराचा, ओझोन खेड्याचा!

पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून तो आत शिरतो. पानाची अन्न तयार करण्याची शक्ती घटते आणि दाणा नीट भरत नाही. शेतकऱ्याला कीड दिसत नाही, करपाही दिसत नाही, फक्त उतारा कमी येतो.

याचा देशव्यापी हिशेब मांडला तो पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडाला. एवढ्या धान्यात ९ कोटींहून अधिक लोकांचं पोट भरलं असतं.

तिरुवैयारुच्या उत्तरेला अरियलूरच्या सिमेंटच्या भट्ट्या आहेत, त्याहून दूर नेयवेलीची लिग्नाइटवरची वीजकेंद्रं आणि पश्चिमेला तिरुचिरापल्लीची रहदारी. शेताच्या बांधावर एकही धुराडं नसलं, तरी पीक या साऱ्यांच्या शेजारी आहे.

आपल्या हाती काय?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबई-दिल्लीवरचा नायट्रोजन डायऑक्साइड, उपग्रहांच्या नोंदींनुसार, आदल्या वर्षीच्या तुलनेत ४० ते ५० टक्क्यांनी उतरला. ओझोन मात्र तेवढा उतरला नाही. नायट्रोजन ऑक्साइडं आणि इंधनाच्या वाफा, दोन्ही एकदम आवरल्या तरच तो नमतो, हा धडा त्यातून मिळाला.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. आपण गाडीचं 'पीयूसी' प्रमाणपत्र काढतो, त्या तपासणीत नायट्रोजन ऑक्साइडं मोजलीच जात नाहीत. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेल गाडीत धुराचा काळेपणा, एवढंच पाहतात. तेव्हा प्रमाणपत्रावर विसंबू नये. कन्व्हर्टर खराब झाला तर तो काढून टाकण्याचा सल्ला मानू नये. नव्या मालमोटारींत धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचं द्रावण लागतं, त्यात भेसळ किंवा टाळाटाळ करू नये.

युरियाची आणखी एक बाजू आहे. शेतात तो गरजेपेक्षा जास्त पडला, तर मातीतूनही हेच वायू निघतात. म्हणून खताचे हप्ते पाडून देणं हे खिशाच्या आणि हवेच्याही हिताचं.

देशात नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. बहुतेक शहरं त्या आत असतात, म्हणून आपण निश्चिंत राहतो. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १० वर आणली. शिवाय शहराचा आकडा मर्यादेत असला, तरी शेतातल्या दाण्याचा हिशेब त्यात येत नाही.

उद्या ताटात वाफाळता भात वाढाल, तेव्हा एवढं आठवा, की तो पिकवायला नुसतं कावेरीचं पाणी पुरत नाही. हवाही तितकीच निर्मळ लागते आणि ती राखणं आपल्या गाडीच्या चावीपासून सुरू होतं.