चिठ्ठीविना गोळी

औषधांच्या दुकानात काही गिऱ्हाइके गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभी राहतात आणि मग आवाज उतरवून एक नाव सांगतात. मागितलेली वस्तू अफू नसते की विष नसते; पुरुषांच्या इंद्रियशैथिल्यावरील सिल्डेनाफिल ही गोळी असते. कायद्याने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. चिठ्ठी मात्र पुष्कळदा विचारलीच जात नाही. विचारली, तर गिऱ्हाईक पुढचे दुकान गाठते.

हे औषध मुळात हृदयशूळासाठी तपासले जात होते. इंग्लंडमधील सँडविच येथे फायझर कंपनीच्या संशोधकांना त्या विकारावर त्याचा फारसा गुण दिसला नाही. दिसला तो भलतीकडेच. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत 'व्हायाग्रा' या नावाने त्यास मान्यता मिळाली. आपल्या १९७० च्या कायद्यानुसार पेटंट मिळे ते औषध बनविण्याच्या कृतीला, खुद्द औषधाला नव्हे. ही स्थिती २००५ पर्यंत टिकली. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी तेच द्रव्य आपापल्या नावांनी आणि पुष्कळ कमी किमतीत बाजारात आणले. स्वस्त म्हणजे हिणकस, हा समज येथे गैरलागू आहे. परवानाधारक कारखान्याच्या गोळीत द्रव्य तेच, गुण तेच आणि अर्थात दोषही तेच. 'जडीबुटी'च्या नावाने खपणाऱ्या शक्तिवर्धक चूर्णांची गोष्ट वेगळी. त्यांतही हेच द्रव्य चोरून मिसळलेले आढळले आहे, आणि तेथे मात्रा किती हे कोणासच ठाऊक नसते.

डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, अपचन हे त्रास बहुधा काही तासांत ओसरतात. काहींना काही काळ सारे निळसर दिसते. क्वचित दृष्टी किंवा श्रवणशक्ती अचानक जाते. क्वचित उत्थान चार तासांहून अधिक टिकते. अशा वेळी लाजेखातर घरी बसणे म्हणजे कायमचे व्यंग ओढवून घेणे होय.

परंतु जिवावर बेतणारा प्रसंग निराळाच आहे. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवण्याची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट वर्गातील गोळीही तेच करते. दोन्ही एकत्र आल्या की रक्तदाब एकाएकी कोसळतो. मध्यरात्री पत्नी किंवा मुलगा घाबरून ती गोळी देतो, ती प्रेमानेच. आणि चार तासांपूर्वी आपण काय घेतले, हे त्या दोघांसमोर सांगण्यास त्या गृहस्थाची जीभ रेटत नाही. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट वर्ज्य, ही साधी गोष्ट त्याला सांगणार तरी कोण? जो सांगता, त्या डॉक्टरला तर त्याने टाळलेलेच असते.

या टाळण्यात दुहेरी नुकसान आहे. इंद्रियशैथिल्य पुष्कळदा मधुमेहाचे किंवा रक्तवाहिन्या अरुंद होऊ लागल्याचे लक्षण असते. तेथील धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असल्याने अडथळा तेथे आधी जाणवतो. म्हणजे जी तक्रार घेऊन जाताच साखर आणि रक्तदाब तपासला गेला असता, तीच आपण दुकानाच्या कोपऱ्यात मिटवून टाकतो.

र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केले, तेव्हा या विषयांवर लिहिल्याबद्दल त्यांना न्यायालयात खेचण्यात आले. आज खटला कोणी भरीत नाही. संकोच मात्र जागच्या जागी आहे. तो एका दिवसात जाणार नाही. तोवर निदान इतके तरी व्हावे, की छातीत कळ आलेला पुरुष रुग्णालयात आला, की नातलगांना क्षणभर बाहेर थांबवून डॉक्टरांनी नायट्रेट देण्यापूर्वी हा एक प्रश्न त्याला एकट्याला विचारावा.