मृदू क्ष-किरणांचा डोळा

हाड मोडले म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात जो फोटो काढतात तो क्ष-किरणांचा, हे आता खेड्यापाड्यांतून सर्वांना ठाऊक आहे. ते किरण मांस भेदून पलीकडे जातात. पण क्ष-किरणांची दुसरी एक जात अशी आहे, की तिला साधा कागदही ओलांडवत नाही. चार बोटे हवा मध्ये आली तरी ती विरून जाते. यांना मृदू क्ष-किरण म्हणतात. सूर्याभोवतीचा किरीट, फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष, असा लाखो अंश तापलेला वायू हे किरण बाहेर टाकतो. आपले वातावरण ते वरच्यावर अडवते. तेव्हा त्यांचे चित्र घ्यायचे तर दुर्बीण अंतराळातच न्यावी लागते.

आता या दुर्बिणीचा डोळा कसा असतो ते पाहू. सिलिकॉनची एक पातळ चकती घेतात आणि तिच्यावर लाखो सूक्ष्म घरे आखतात. क्ष-किरण घरात शिरला, की सिलिकॉनमधून इलेक्ट्रॉन सुटतात. एक हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा किरण सुमारे २७० इलेक्ट्रॉन मोकळे करतो. ते मोजले की किरणाची ऊर्जा कळली. मोजणी मात्र चकतीच्या कडेला होते. बंधाऱ्याच्या कामावर माणसे रांगेने उभी राहून मातीचे घमेले हातोहात पुढे देतात ना, तसेच हे इलेक्ट्रॉन एका घरातून शेजारच्या घरात सरकवीत कडेपर्यंत न्यावे लागतात. या रचनेला सीसीडी म्हणतात. ती १९६९ साली बॉइल आणि स्मिथ या दोघांनी अमेरिकेत शोधली.

रांगेतल्या प्रत्येकाने चिमूटभर माती सांडली तर शेवटी काय उरेल? गणिताच्या शिक्षकांनी हे फळ्यावर मांडून पाहावे. दर पावलाला दहा हजारांत एकच इलेक्ट्रॉन अडकला, तरी हजार घरे ओलांडेपर्यंत शेकडा नऊ-दहा गळून जातात. मग किरणाची ऊर्जा चुकीची वाचली जाते, आणि लोखंडाची खूण कोणती व ऑक्सिजनची कोणती, हे ओळखणे अवघड होते.

नेमके हेच १९९९ साली घडले. त्या वर्षी २३ जुलैला अमेरिकेने चंद्रा नावाची क्ष-किरण दुर्बीण सोडली. नाव आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचे. तिच्या एका कॅमेऱ्यात दहा सीसीडी होत्या. पृथ्वीभोवती प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचे पट्टे आहेत, आणि दुर्बिणीची लांबट कक्षा त्यांतून जाते. ऊर्जावान कणांसाठी कॅमेऱ्याभोवती चिलखत होतेच. पण कमी ऊर्जेचे प्रोटॉन आरशांवरून निसटत, क्ष-किरणांच्याच वाटेने, थेट चकतीवर येऊन पोहोचले. दाराला कुलूप होते, चोर मात्र धुराड्यातून उतरला! काही आठवड्यांतच आठ चकत्यांची गळती वाढल्याचे सप्टेंबरात दिसून आले.

उरलेल्या दोन मात्र शाबूत राहिल्या. या दोन्ही उलट्या बसवलेल्या होत्या. इलेक्ट्रॉन वाहून नेणारी वाट चकतीच्या एका पृष्ठाशी असते. नेहमीच्या चकतीत तेच पृष्ठ आकाशाकडे असते. दुबळा प्रोटॉन थोडासाच आत घुसतो आणि नेमका त्या वाटेवर थांबतो. थांबता थांबता तो सिलिकॉनचे अणू जागचे हलवतो, आणि तेथे इलेक्ट्रॉन अडकवणारे सापळे तयार होतात. उलट्या चकतीत ही वाट पलीकडच्या अंगाला, खोल राहते. प्रोटॉन तेथवर पोहोचतच नाही. चकत्या उलट्या बसवल्या होत्या त्या प्रोटॉनसाठी नव्हे. पुढच्या अंगावर विद्युत-पट्ट्यांचे थर असतात, ते मृदू किरण गिळून टाकतात. ते टाळावे म्हणून. मला यात मोठी मौज वाटते. या डोळ्यावर जाड झाकण घालता येत नाही, कारण झाकण प्रोटॉनआधी किरणच अडवील. उघड्या डोळ्याचे रक्षण त्याच्या बैठकीनेच केले.

बिघडलेल्या आठ चकत्याही टाकून दिल्या नाहीत. पट्ट्यांतून जाताना कॅमेरा आरशांच्या केंद्रातून बाजूला सरकवण्याचा नियम झाला. २००० सालच्या आरंभी चकत्या उणे १२० अंशांपर्यंत थंड केल्या. थंडीत सापळ्यात अडकलेला इलेक्ट्रॉन लवकर सुटत नाही; सापळा भरलेलाच राहतो, आणि मागून येणारे सुखरूप पुढे जातात. उरलेली गळती हिशेबाने दुरुस्त करतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेली मृदू क्ष-किरण दुर्बीण २८ सप्टेंबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरून वर गेली. कॅमेऱ्याच्या कामी इंग्लंडातील लेस्टर विद्यापीठाचे साह्य होते. तिची चकती सरळ बसवलेली आहे. मृदू किरणांना वाट मिळावी म्हणून विद्युत-पट्टीत मुद्दाम उघडी जागा ठेवली आहे. उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताला फक्त ६ अंशांनी कललेली ठेवली. दक्षिण अटलांटिक महासागरावर कणांचा पट्टा खाली उतरलेला आहे. कक्षा अशी ठेवल्याने त्याच्या दाट भागातून जाणे टळते.

अलीकडे रांगच मोडून टाकण्याकडे कल आहे. सीमॉस नावाच्या चकतीत प्रत्येक घराशेजारीच मोजणीची सोय असते. घमेले पुढे द्यायलाच नको. चीनने ९ जानेवारी २०२४ रोजी सोडलेल्या आइन्स्टाइन प्रोब या उपग्रहाच्या विस्तीर्ण दुर्बिणीत अशा ४८ चकत्या आहेत. सापळ्यांची भीती त्यांना कमी. पण माऱ्याने चकतीवरच्या ऑक्साइडच्या थरात विद्युतभार साचतो आणि अंधारातही प्रवाह झिरपू लागतो, हे दुखणे त्यांनाही आहेच. म्हणून तो थर अधिक पातळ आणि निर्दोष करण्याचे प्रयोग चालू आहेत.